खांबाकडची मंडळी

आमच्या रायपूरच्या घरातून आजवर एकच वरात निघाली आणि तिच्यातला नवरदेव सरईच्या, म्हणजे साल वृक्षाच्या, लाकडाचा होता. हे मी थट्टेनं सांगत नाही. त्या वरातीत मी वरमाय होते, माझी सत्तरी ओलांडलेली आई आजी म्हणून मिरवत होती आणि माझी एक विद्यार्थिनी करवली झाली होती. ही वरात काढावी लागली, कारण चूक माझी होती.

मी विद्यापीठात पाणी शिकवते. म्हणजे पाऊस किती पडला, कुठून वाहिला, कुठे मुरला, याचा हिशेब मुलांना करायला लावते. वडील वर्ध्याकडचे, रेल्वेत नोकरीला, बदली होऊन रायपूरला आले ते इथलेच झाले. माझं बालपण रेल्वे कॉलनीत गेलं. तिथं पाणी नळातून यायचं आणि बादलीत पडायचं. त्यामुळे पाण्याबद्दल मला खूप माहिती आहे, पण पाण्यात मी कधी उतरले नव्हते. हे वाक्य लिहायला मला पंचेचाळीस वर्षं लागली.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी पाच बायका आमच्या विभागात आल्या. नवा रायपूरच्या पलीकडे, रुंद रस्ते संपतात तिथून पुढे त्यांचं गाव. त्यांच्यातल्या पुढच्या बाईनं माझ्या टेबलावर स्टीलचा डबा ठेवला. मला वाटलं, खायला काही आणलं. झाकण उघडलं तर आत काळाशार गाळ.

"आमच्या तलावाचा आहे," ती हिंदीत म्हणाली. "यात काय आहे ते तुम्ही सांगा. काढायचा तर आम्ही काढू."

ती गावातल्या महिला समूहाची अध्यक्ष. गावात लहानथोर सगळे तिला अध्यक्ष दीदी म्हणत, मीही तेच म्हणू लागले. पन्नाशीची, बुटकी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिच्या गावचा तलाव गाळानं भरत आला होता. उन्हाळा लागला की बायकांना अंघोळीला, धुण्याला, गुरांना पाणी पाजायला दुसऱ्या गावच्या तलावावर जावं लागे आणि तिथल्या बायकांची बोलणी खावी लागत. गाळ उपसून तो आपापल्या शेतात टाकायचा, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. किती खोल जायचं, उतार कुठे ठेवायचा, पाणी आत कुठून घ्यायचं, एवढंच त्यांना विद्यापीठाकडून हवं होतं.

मला ती बाई पहिल्या भेटीतच आवडली. विद्यापीठानं गावाशी करार केला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य तिनं सांगितलं आणि मी लिहिलं: गाव ठरवेल, विद्यापीठ मोजेल. ते वाक्य मी माझ्या खोलीत भिंतीवर लावलं होतं. पाहुणे आले की मी त्याच्याकडे बोट दाखवून भाषण द्यायची.

गावाला मात्र आमचा भरवसा नव्हता. आधीही शहरातून माणसं आली होती, फोटो काढून गेली होती. पहिल्या बैठकीत सगळे गप्प बसून राहिले. तेव्हा अध्यक्ष दीदी उठली आणि छत्तीसगढीत म्हणाली, "इंकर जबान, मोर जबान." यांचा शब्द तो माझा शब्द. त्या एका वाक्यावर गावानं होकार दिला. आमच्यासाठी तिनं काय पणाला लावलं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

एप्रिलमध्ये आम्ही मोजणी केली. ऊन डोक्यावर, तलावात मध्यभागी तेवढं गुडघाभर पाणी उरलेलं. माझ्याबरोबर एक विद्यार्थिनी होती. घर मराठी, आई-वडील अमरावतीचे, पण आपण मराठीत विचारलं की ही हिंदीत उत्तर देणार. तिनं मधल्या पाण्याकडे बोट केलं.

"मैडम, बीच में ये खंभा जैसा क्या है? किसी से पूछ लूँ?"

पाण्यातून दोन पुरुष उंचीचं एक काळं लाकूड वर आलेलं होतं. टोकाला कसली तरी चिंधी अडकलेली. रायपूरच्या पुरानी बस्ती भागातल्या तलावातही असाच एक खांब मी लहानपणी पाहिला होता. त्यावर पाणकावळा पंख पसरून बसलेला असायचा, म्हणून तो पाणकावळ्यासाठीच लावला असावा, अशी माझी समजूत होती. ती समजूत मी कधी तपासली नाही.

"विचारायचं काय त्यात? वाळकं खोड आहे. मशीनला आडवं येईल. फुली मार," मी म्हणाले. मला घाई होती, तहान लागली होती आणि मुख्य म्हणजे मला सगळं कळतं असं मला वाटत होतं. तिनं नकाशावर लाल फुली मारली. खाली मी सही केली. काठावर दहा बायका बसलेल्या होत्या. एकीला विचारलं असतं तरी पुरलं असतं.

मे महिन्यात गाळ उपसायला सुरुवात झाली. तिसऱ्या दिवशी अध्यक्ष दीदीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "मैडम, आ जाओ."

आम्ही पोचलो तर काठावर कामावरचा एकही माणूस नाही. मशीन बंद. ट्रॉल्या उभ्या. आणि तो खांब गाळात आडवा पडलेला, टोकाची चिंधी चिखलात. जवळून पाहिल्यावर कळलं की ती चिंधी एकेकाळी पिवळी होती आणि खांबावर नाग कोरलेला होता. अध्यक्ष दीदी एकटीच पायरीवर बसली होती. तिनं मला सांगितलं ते असं. या मुलखात तलाव खोदला की त्याचं लग्न लावतात. मध्यभागी सरईचा खांब रोवतात, त्याला हळद लावतात, वाजतगाजत विधी करतात. लग्न झालं की मगच ते पाणी पूजेला चालतं, सुतकाच्या अंघोळीला चालतं, मगच बायका पाण्यात उतरतात. हा खांब तिच्या आजेसासऱ्याच्या काळातला. तो आम्ही उपटला होता.

"तरिया के बिहाव टूट गे," ती म्हणाली. तलावाचं लग्न मोडलं.

संध्याकाळच्या आत गुडीपाशी, म्हणजे गावच्या देवळाच्या चौकात, बैठक बसली. गावचा बैगा, तिथली देवाधर्माची कामं पाहणारा म्हातारा, मधोमध बसला होता. त्याचा आवाज इतका हळू की सगळ्यांना पुढे झुकावं लागे. त्यानं एकच प्रश्न विचारला. खांब काढायला कुणी सांगितलं?

मी उत्तर जुळवत होते. आठ दिवसांनी आमच्या कराराचं नूतनीकरण होतं आणि त्या अर्जात 'गावाची तक्रार नाही' असं लिहून द्यायचं होतं. शब्द कसे मांडावेत, याचा विचार मी करत होते. तेवढ्यात अध्यक्ष दीदी उठून उभी राहिली.

"मैं केहे रहेंव," ती म्हणाली. मी सांगितलं होतं. "लाकूड सडलं होतं. मी म्हटलं, काढा."

हे खोटं होतं. मला ठाऊक होतं, विद्यार्थिनीला ठाऊक होतं, आणि माझ्या मते बैग्यालाही ठाऊक होतं. आम्हाला गावाबाहेर काढलं तर पावसाच्या आधी काम पुरं होणार नाही, हे तिनं क्षणात ताडलं आणि माझी चूक आपल्या पदरात घेतली. आणि मी? मी गप्प बसले. आजही हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते.

बैठकीनं ठरवलं ते असं. काम बंद. अध्यक्ष दीदीनं अध्यक्षपद सोडायचं. तलाव पावसानं भरला तरी त्यात कुणी उतरायचं नाही. म्हणजे तलाव असून नसल्यासारखा, आणि तोही तिच्यामुळे, असं गावात कायमचं म्हटलं जाणार.

परतताना जीपमध्ये विद्यार्थिनीनं विचारलं, "मैडम, आपने बोला क्यों नहीं?"

"गप बस," मी खेकसले. माझा स्वभाव तापट आहे हे विभागात सगळ्यांना माहीत आहे. त्यातला बराचसा ताप मी चुकीच्या माणसांवर काढते.

घरी आई तांदूळ निवडत बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. "काहून वं, तोंड पाडून आली?"

मी सगळं सांगितलं. आईनं सूप बाजूला ठेवलं.

"त्या बाईनं तुयी चूक आपल्या अंगावर घेतली अन् तू बसूनच राहिली?"

"आई, करार होता, नूतनीकरण..."

"मले तुया करार नको सांगू. दुसरीच्या पदराआड लपणारी पोट्टी मी नाही वाढवली. उद्या जाय अन् सगळ्यायसमोर सांग. मंग जेवाले वाढतो तुले."

जेवायला तिनं त्याच दिवशी वाढलं, पण ताट माझ्यापुढे ठेवून ती पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठाची जीप मागितली नाही. विद्यापीठाच्या गाडीतून उतरून माफी मागणं मला बरं वाटेना. नवा रायपूरच्या मंत्रालयापर्यंत बस मिळाली, पुढची आलीच नाही. त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावरून मी पाऊण तास चालले, मग एका दूधवाल्यानं मोटरसायकलवर पुढे सोडलं. गुडीपाशी बैगा होता, आणखी पाच-सात म्हातारे होते. मी म्हटलं, कालची बैठक पुन्हा बसवा. अर्ध्या तासात गाव जमा झालं.

मी नकाशा उलगडला. लाल फुली दाखवली, खालची सही दाखवली. "खांब मी काढायला लावला. कुणाला विचारलं नाही. दीदी काल खोटं बोलल्या, आम्हाला वाचवायला बोलल्या. आणि मी ऐकून गप्प बसले. त्यांचा काही दोष नाही."

अध्यक्ष दीदीनं माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता ही मला खाणार. एवढं झाकलं होतं ते मी उघडं केलं म्हणून ती संतापली होती. बैग्यानं मात्र नकाशा जवळ ओढला. फुलीवरून त्यानं बोट फिरवलं. मग म्हणाला, ज्यानं मोडलं त्यानंच पुन्हा लावायचं. नवा खांब तुम्ही आणायचा. सरईचाच, सरळ, न चिरलेला, एकही लोखंडी खिळा न लागलेला. पाऊस लागायच्या आत. तलाव आमची मुलगी, म्हणून मुलाकडचे तुम्ही.

"महतारी कोन?" त्यानं विचारलं. नवरदेवाची आई कोण?

"मी," मी म्हटलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आदल्या दिवसापासून त्या गावात कुणी हसलं नव्हतं.

"आणि दीदीचं अध्यक्षपद?" मी विचारलं.

"तरिया मान जाही, त देखबो." तलावानं मानलं तर बघू. बैगा उठून गेला.

विभागप्रमुखांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मॅडम, विद्यापीठ कुणाच्या लग्नात वरपक्ष होऊ शकत नाही."

"खांब उपटला तेव्हा विद्यापीठाची सही चालली. रोवताना का चालू नये?"

"अहवालात काय लिहिणार?"

"जे झालं ते. चूक माझी, असं लिहिणार."

"नूतनीकरण जाईल."

"जाऊ द्या," मी म्हणाले आणि पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. मनातून मी घाबरले होते. पण एकदा बैठकीत उभं राहिल्यावर केबिनमध्ये उभं राहणं त्यामानानं सोपं गेलं.

मग लाकडाचा शोध सुरू झाला. विद्यार्थिनी सुट्टीवर घरी जायची होती, ती गेली नाही. "फुली मैंने मारी थी," म्हणाली. रायपुरातल्या एकेका लाकडाच्या टालावर आम्ही दोघी उन्हातान्हात फिरलो. एक खांब सरळ निघे तर बुंध्याला चीर असे. दुसरा अखंड असे तर कुणीतरी त्यावर नंबराची पत्र्याची पट्टी खिळ्यानं ठोकलेली असे. टालवाले विचारत, कुठल्या इमारतीसाठी? मी सांगे, लग्न आहे. एका टालावरचा म्हातारा मात्र हसला नाही. "तालाब का बिहाव?" त्यानं विचारलं आणि मागच्या बाजूला नेलं. तिथं एक खांब वेगळा, विटांवर ठेवलेला होता. त्याच्या ओळखीच्या सुतारानं त्यावर नाग कोरला, एकही खिळा न वापरता. तो उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवायला सहा माणसं लागली.

आईचा उत्साह मला आधी समजला नाही. ती पंडरीच्या कापडबाजारात जाऊन पिवळ्याधमक सुती कापडाचा तागा घासाघीस करून घेऊन आली. हळद दळली. मुंडावळ्या आणल्या, आणि खांबाला कपाळ कुठे असतं यावर माझ्याशी भांडली. वरात निघायच्या दिवशी तिनं आपली ट्रंक उघडली आणि तळातून एक घडी काढली. पांढरं रेशमी कापड, मध्ये कुंकवाचं स्वस्तिक.

"हे काय?"

"अंतरपाट. तुया लग्नासाठी शिवून ठेवला होता. तू तर बोहल्यावर चढलीच नाही."

मी चिडून काहीतरी बोलणार होते. तिच्या हाताकडे पाहिलं आणि ती घडी माझ्या पिशवीत ठेवली.

वरात गावात शिरली. ट्रॉलीवर खांब, खांबाला मुंडावळ्या, पुढे बाजा. वेशीवर बायका उभ्याच होत्या. या मुलखात वऱ्हाड्यांना गाण्यांतून यथेच्छ शिव्या देतात, त्याला भडौनी म्हणतात. माझ्या चष्म्यापासून मोजणीच्या टेपपर्यंत काही सुटलं नाही. जिला वाळकं खोड आणि नवरदेव यांतला फरक कळत नाही अशी सासू, असंही त्यांनी गायलं. गाणी सांगणारी अध्यक्ष दीदी होती. तिचा राग त्या गाण्यांतून बाहेर पडत होता आणि मी तो सगळा खाली मान घालून ऐकून घेतला. मला त्यानं हलकं वाटलं.

बैग्यानं आपले विधी केले. माणसांनी दोर सावरले. तेवढ्यात आई ओरडली, "थांबा हो! अंतरपाट राहिला नं!"

कुणाला काही कळेना. आई चिखलात उतरली, एक टोक आपण धरलं आणि दुसरं अध्यक्ष दीदीच्या हातात दिलं. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला तळाशी उरलेलं पाणी, मध्ये आमचं रेशमी कापड. आईनं मंगलाष्टकं सुरू केली. तिचा आवाज आता थकला आहे, वरच्या पट्टीत तुटतो. पण 'सावधान' म्हणताना तिनं असा काही सूर लावला की बैगाही हात जोडून उभा राहिला. विद्यार्थिनीनं सगळ्यांच्या हातात तांदूळ दिले होते. कधी टाकायचे ते कुणालाच माहीत नव्हतं, ते आईकडे बघून टाकत होते. अंतरपाट खाली आला आणि वीस माणसांनी खांब खड्ड्यात उभा केला.

नंतर आईनं तो अंतरपाट पिवळ्या कापडाबरोबर खांबाला बांधायला दिला.

"आई, अगं तो परत ठेव ना," मी म्हणाले.

"आता मले त्याचं काम नाही. लागलं घरातलं लग्न." तिनं नाक पुसलं. "झालं बापा एकदाचं."

त्या दिवसापासून तिनं माझ्या लग्नाचा विषय काढला नाही. वीस वर्षं मी ज्या शांततेसाठी भांडले ती मला त्या चिखलात मिळाली. आणि मला रडू आलं, ते का ते मी अजून नीटसं सांगू शकत नाही.

दुसऱ्याच दिवशी काम पुन्हा सुरू झालं, तेही दुप्पट माणसांनी. पावसाच्या तीन दिवस आधी शेवटची ट्रॉली शेतात रिकामी झाली. आमचं नूतनीकरण अडकलं ते अडकलंच. विभागप्रमुख म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, मी दर शनिवारी जाणार आहे, तुम्ही बघत राहा. मोजायचं काम सहीवाचूनही होतं. फक्त आता मोजण्याआधी मी काठावरच्या बायकांना विचारते, आणि विद्यार्थ्यांनाही आधी तिथं नेऊन बसवते.

पाऊस सरला तेव्हा तलाव काठोकाठ भरला होता. बैग्यानं निरोप धाडला, या. मी आणि आई गेलो. पायऱ्यांवर सगळं गाव उभं होतं आणि पाण्यात कुणीच नव्हतं. मध्यभागी खांब. त्याच्यावरचं पिवळं कापड उन्हापावसानं फिकं झालं होतं, आमचं पांढरं मातकट झालं होतं, पण दोन्ही सुटली नव्हती. अध्यक्ष दीदी गर्दीच्या मागे, कुणाच्या नजरेस पडू नये अशी उभी होती. चार महिने गाव तिला एकही वाईट शब्द बोललं नव्हतं, पण बैठकीत तिला कुणी काही विचारतही नव्हतं. मी दर शनिवारी ते पाहत होते.

बैग्यानं पितळेचा लोटा उचलला. सगळ्यांना वाटलं, तो आता उतरणार. त्यानं मागे वळून गर्दीकडे पाहिलं.

"अध्यक्ष कहाँ हे?" त्याच्या त्या हळू आवाजात त्यानं विचारलं.

गर्दीनं वाट करून दिली. ती पुढे आली. त्यानं लोटा तिच्या हातात दिला. ती एक पायरी उतरली, दुसरी उतरली, कमरेएवढ्या पाण्यात गेली. लोटा भरून तिनं डोक्यावर ओतला आणि पाण्यातच दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी राहिली. मग तिनं हात खाली घेतले आणि मला शोधलं.

"आ समधिन," विहिणीला मारावी तशी हाक तिनं मारली. "उतर."

"मला पोहता येत नाही," मी म्हटलं.

"झन डर्रा. मैं हंव." घाबरू नको. मी आहे.

आईनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "जाय नं वं," ती म्हणाली. मी चपला काढल्या आणि पहिली पायरी उतरले. पाणी गार होतं. दीदीनं हात पुढे केला होता, म्हणून मी दुसरीही उतरले.